आरव्ही घेऊन रूट ६६ वरची छोटी म्युझियम्स आणि जुन्या गावातली दुकानं: माझा अनुभव

डॅलसहून आरव्ही (स्वयंपाक-झोपायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्यानं घेऊन, वाटेत रूट ६६ या अमेरिकेच्या जुन्या हायवेवरची गावं बघत थेट न्यू मेक्सिकोतल्या सँटा फेपर्यंत जाऊन आलो, आई-बाबा, नवरा, मुलगा आणि मी. आल्यापासून ओळखीतले सगळे विचारतायत की एवढी मोठी गाडी घेऊन जुन्या गावांत कसे फिरलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरव्हीच का, तर आईचे गुडघे आणि बाबांची शुगर. बाथरूम सोबत, वेळेवर भाकरी-भाजी सोबत, दुपारी पाठ टेकायला पलंग सोबत, त्यामुळे दोघंही पूर्ण ट्रिप फ्रेश राहिले. आम्ही २५ फुटी क्लास सी (मध्यम आकाराची आरव्ही) घेतली, त्याला साधं कार लायसन्स चालतं. बुक करताना रोजचं भाडं बघून हुरळून जाऊ नका, माइल्सचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात आणि पेट्रोल तर ही गाडी अक्षरशः पिते, गॅलनला ८-१० माइल्स मिळाले तरी खूप. गाडी ताब्यात घेताना सगळं समजावून सांगतात त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, रात्री कॅम्पग्राउंडवर अंधारात तोच कामाला येतो. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कमी उंचीच्या पुलाखाली तीच बघायची. कॅम्पग्राउंडला पोचलं की आधी वीज, मग पाणी, आणि पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय होज जोडायचा नाही. ३० अँपच्या लाइनवर एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची केटली एकदम लावली की ब्रेकर पडतो. डंप करताना, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करताना, आधी ब्लॅक टँक (संडासाचा), नंतर ग्रे (अंघोळ-भांड्यांच्या पाण्याचा), म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे मस्ट. हे काम नवऱ्यानं आनंदानं केलं, त्याचं कौतुक इथेच करून टाकते.

आता म्युझियम्स. हायवे २८७ वरून चिल्ड्रेसला वळून हायवे ८३ धरला आणि शॅमरॉकला आय-४० हा मोठा हायवे गाठला. शॅमरॉकमध्ये १९३६ चं यू-ड्रॉप इन आहे, आर्ट डेको शैलीच्या मनोऱ्याचा जुना पेट्रोल पंप, तिथे फोटो काढले आणि पुढे मक्लेनला गेलो. तिथलं डेव्हिल्स रोप म्युझियम म्हणजे चक्क काटेरी तारेचं म्युझियम! पूर्वी त्या इमारतीत ब्रेसियरची फॅक्टरी होती. बाहेर काटेरी तारेचे भलेमोठे गोळे, आत भिंतीभर तारांचे नमुने, प्रत्येक तुकडा १८ इंची, कारण संग्राहकांमध्ये तेच माप चालतं. ज्यांचं अख्खं आयुष्य तासगावकडे द्राक्षबागेच्या मांडवाची तार ओढण्यात गेलं त्या माझ्या बाबांना तिथून हलवणं कठीण झालं होतं. एकेका नमुन्याजवळ चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघत होते आणि मला समजावत होते, हा बघ दोन तारांचा पीळ, पिळात काटा अडकलाय म्हणून तो सरकत नाही, आणि ऊन-थंडीत तार ताणली-आकसली तरी तुटत नाही. नेमकी हीच युक्ती करून जोसेफ ग्लिडन नावाच्या इलिनॉयमधल्या शेतकऱ्यानं १८७४ मध्ये पेटंट घेतलं होतं! या भागात कुंपणाला ना लाकूड ना दगड, म्हणून तार आली आणि मोकळी चरणारी गुरं थांबली. तिथल्या व्हॉलंटिअर आजोबांना मी सांगितलं की बाबा शेतकरी आहेत, मग काय, खांबाचे खड्डे खणायची जुनी अवजारं एकेक करून दाखवली त्यांनी, बाबा मराठीतून विचारतायत, ते इंग्लिशमधून सांगतायत आणि मधे मी. असली म्युझियम्स घाईत उरकू नका, निम्मी मजा तिथल्या माणसांशी बोलण्यात आहे. तिकीट नाही, डोनेशन बॉक्स आहे, त्यात मनापासून टाका.

न्यू मेक्सिकोत शिरताना घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे टूकमकेरीचं मेसालँड्स डायनासोर म्युझियम बंद व्हायच्या आत आरामात मिळालं. इथले सांगाडे ब्राँझमध्ये ओतलेले आहेत, कारण हे म्युझियम ज्या कॉलेजचं आहे त्याची स्वतःची फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) आहे, आणि मुलांना हात लावू देतात. मुलगा खूश. तंबूच्या आकाराचं दार असलेलं टी पी क्युरिओज हे जुनं दुकान याच गावात रूट ६६ वर आहे.

अल्बुकर्कीला मात्र आरव्ही कॅम्पग्राउंडवरच ठेवली आणि दिवसभरासाठी छोटी कार घेतली. माझं ठाम मत आहे की आरव्ही हे घर आहे, घर घेऊन बाजारात जायचं नाही. कारनं टिंकरटाउन या म्युझियमला गेलो. रॉस वॉर्ड हा जत्रेतल्या खेळण्यांवर चित्रं रंगवणारा माणूस, त्यानं आयुष्यभर लाकडाच्या छोट्या छोट्या बाहुल्या कोरल्या, बटण दाबलं की अख्खं गाव हलायला लागतं, आणि भोवतीच्या भिंती ५०,००० पेक्षा जास्त काचेच्या बाटल्यांच्या. तुम्ही टीव्ही बघत होतात तेव्हा मी हे सगळं केलं, अशी पाटी आहे तिथे. २००२ मध्ये तो गेला पण घरच्यांनी सगळं जपलंय. नाणं टाकून चालणारी जुनी मशीन्स आहेत, खिशात क्वार्टर्स (२५ सेंटची नाणी) भरपूर ठेवा. तिथून टर्कॉइज ट्रेल या रस्त्यानं माद्रिदला, जुनं कोळसा खाणीचं गाव, खाणकामगारांच्या घरांत आता आर्टिस्टांची दुकानं आहेत.

सँटा फेला रेल रनर ट्रेननं गेलो. गल्ल्या अरुंद, पार्किंगचे हाल, आणि ट्रेन डेपोला उतरवते तिथून प्लाझा (गावातला मुख्य चौक) चालत पंधरा-वीस मिनिटं, आई हळूहळू आली. रविवारी गाड्या कमी असतात, वेळापत्रक आधी बघा. १६१० च्या सुमाराच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी वाड्याच्या ओसरीत नेटिव्ह अमेरिकन कारागीर चादरी पसरून बसतात. माल स्वतःचा किंवा घरच्यांनी बनवलेलाच विकायचा आणि त्यावर स्वतःचा शिक्का हवा असा तिथला नियम आहे. आईनं फिरोज्याची अंगठी उचलली तेव्हा त्या बाईंनी ती उलटी करून आतला बारीक शिक्का नखानं दाखवला. खडा नैसर्गिक की स्टॅबिलाइज्ड (राळ मुरवून टणक केलेला) हे बिनधास्त विचारा, त्या नीट सांगतात. बाजारात रंगवलेले हाउलाइट नावाचे पांढरे खडे आणि प्लास्टिक मिसळलेले खडेही फिरोजा म्हणून खपवतात, म्हणून खरेदी इथेच करा असं मी सांगेन. घासाघीस आम्ही केली नाही, हातच्या कामाचे पैसे आहेत ते.

टिंकरटाउन हिवाळ्यात बंद असतं आणि छोट्या गावांतली म्युझियम्स सोमवारी किंवा वीकेंडला बंद असू शकतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, फक्त वसंतात टेक्सस पॅनहँडलमध्ये (टेक्ससचा उत्तरेकडचा भाग, शॅमरॉक-मक्लेन इथेच) वारा जबरदस्त असतो, वारा सुटला की सरळ थांबा आणि चहा टाका.