उभा धरू की आडवा

आमच्या बेळगावचा फोटो नीट येत नाही. कॅमेऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, गावाचाच स्वभाव तसा आहे. कोल्हापूरला रंकाळ्यावर नुसतं उभं राहिलं की सूर्य आपोआप पाठीमागं येऊन उभा राहतो, पुण्यात शनिवारवाड्याचा दरवाजा फ्रेममध्ये बसायलाच बांधलाय असं वाटतं. आमच्याकडं पाहुणा आला, मोबाईल काढला, की पहिला प्रश्न, ओ हा उभा धरू की आडवा?

किल्ल्याचंच बघा. महाराष्ट्रातनं आलेल्या माणसाच्या डोक्यात किल्ला म्हणजे डोंगर, पायऱ्या, धाप आणि वर गेल्यावर ताक. आमचा किल्ला भुईकोट, रट्ट राजघराण्याच्या काळातला, १२०४ च्या आसपासचा. पुढं यादव, विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज, सगळ्यांनी त्यावर हात फिरवला. जमिनीला धरून बसलेला, भोवती रुंद खंदक. आडवा धरून काढला तर फोटोत वर आभाळ, खाली गवत आणि मधे एक काळी पट्टी येते, ती तटबंदी. पाहुणा फोटो बघतो, किल्ल्याकडं बघतो, परत फोटो बघतो आणि विचारतो, "वर कुठनं जायचं?" वर नाहीच ओ, आत जायचं.

आत गेल्यावर कमल बस्ती, बस्ती म्हणजे जैन मंदिर. हीसुद्धा १२०४ ची. काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत की आपलाच चेहरा लांबट होऊन दिसतो, गाभाऱ्यात नेमिनाथ, आणि छतातनं खाली लोंबणारं दगडाचं कमळ, ज्याच्यावरनं नाव पडलं. आता हे कमळ बरोबर डोक्यावर. मान मोडेपर्यंत वर बघा, नाहीतर मोबाईल सेल्फीवर टाकून सरळ जमिनीवर ठेवा आणि टायमर लावा. ही युक्ती मला एका कॉलेजच्या पोरानं शिकवली. फोटो झकास येतो, फक्त कडेला गोल करून चार-पाच डोकी आत वाकून बघत असलेली येतात. मला तो डोक्यांसकटचाच आवडतो. नुसत्या कमळाचे फोटो नेटवर पडलेत की हवे तेवढे.

आणि जिथं फोटो खरंच चांगला येईल तिथं काढू देत नाहीत. म्हणजे कॅम्प. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, कॅन्टोन्मेंट इंग्रजांच्या काळापासनं, त्यामुळं गावातले सगळ्यात देखणे रस्ते, दोन्ही बाजूनं कमान करून उभी राहिलेली जुनी झाडं, कौलारू बंगले, सगळं लष्कराच्या हद्दीत. पावसाळ्यात सकाळी धुकं उतरलेलं असतं तेव्हा त्या रस्त्यानं गाडी हळू घेतो माणूस. मोबाईल खिशात हात घालून नुसता चाचपला तरी गेटवरनं आवाज येतो, "फोटो तगीब्याड्री!" आपण म्हणायचं, "नाही ओ, वेळ बघत होतो." तो कन्नडमध्ये बोललेला, आपण मराठीत, आणि दोघांनाही पक्कं ठाऊक की वेळ कुणी बघत नव्हतं. झाडं मात्र त्यामुळंच टिकली असावीत असा माझा आपला एक संशय.

बाकी फोटोला नको म्हणण्यात या गावात लई मोठ्या माणसाचा नंबर आधी लागतो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, पहिल्यांदा रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले, मग हरिपद मित्र म्हणून फॉरेस्ट खात्यातले बंगाली अधिकारी होते त्यांच्याकडं. शिकागोच्या आधीचं हे, त्यामुळं तेव्हा त्यांना फारसं कोण ओळखत नव्हतं. या हरिपदबाबूंनी फोटोचा आग्रह धरला, स्वामीजी तयार होईनात, शेवटी बेळगावच्याच महादेव अँड सन या स्टुडिओत फोटो निघाला आणि तो आजही पुस्तकापुस्तकात छापला जातो. माझ्या मते बेळगावात निघालेला आजवरचा सगळ्यात गाजलेला फोटो हाच, आणि त्यात बेळगाव औषधालासुद्धा दिसत नाही.

आता किल्ला तलावाकडचा झेंडा. २०१८ साली उभारला, खांब ११० मीटर. हा उभाच धरायचा हे लहान पोरालाही कळतं. पण उभा धरूनही बसत नाही, मागं मागं जायला लागतं, आणि मागं म्हणजे तलावाचा कठडा नाहीतर हायवेकडची ट्रॅफिक. त्यात वारा-पावसात एवढं मोठं कापड टिकायचं कसं, त्यामुळं बऱ्याचदा नुसता खांबच. काँग्रेस विहिरीची गंमत याच्या बरोब्बर उलटी. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकच अधिवेशन, आणि एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून ही विहीर काढली, पंपा सरोवर नाव दिलं. झेंडा वर मावत नाही आणि विहीर खाली. फोटोत कठडा तेवढा येतो. २०२४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा गावभर लायटिंग केलेलं, तेव्हा मात्र अख्खं बेळगाव रात्री जेवणं उरकून सहकुटुंब फोटो काढत फिरत होतं, मी पण. सगळ्यांच्या फोनमध्ये तेच दिवे, तोच चौक.

हे फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकतो ते मुख्यतः आमच्या मावशीसाठी. मावशी जन्मली इथंच, बेळगावच्या शहापुरात, लग्न होऊन गेली डोंबिवलीला, आता गुडघ्यामुळं प्रवास बंद. तिला मी लायटिंगचे ढीगभर फोटो पाठवले, एकाला अंगठा आला. किल्ल्याला तोही नाही. आणि मग व्हॅक्सिन डेपोतला एक साधा फोटो टाकला तर दहा मिनिटांत व्हॉइस मेसेज, "अरे त्या झाडाच्या डाव्या हाताला एक वाट होती बघ, ती हाय काय अजून?"

व्हॅक्सिन डेपो म्हणजे बाहेरच्यांना वाटतं दवाखाना असेल. टिळकवाडीत भर वस्तीत दाट झाडीचा मोठा पट्टा आहे हा, आत जुन्या कौलारू इमारती. देवीची लस इथं बनायची. तेव्हा ती लस वासरांच्या कातडीवर वाढवायचे, म्हणून गोठे, मोकळी जागा, झाडी असा सगळा पसारा लागायचा. पुढं देवीचा रोगच गेला, भारत १९७७ ला देवीमुक्त जाहीर झाला, लस थांबली आणि झाडं राहिली. आता सकाळी इथं निम्मी टिळकवाडी चालायला येते. कानटोपी, स्वेटर, हातात काठी नसली तर कुत्र्याची दोरी, आणि चालण्यापेक्षा थांबून बोलणं जास्त. मधे मधे इथं काहीतरी बांधायचं घाटलं जातं, मग लोक झाडांसाठी उभे राहतात, मग जरा शांत होतं.

इथं फोटो काढायला गेलं की एक झाड धरायचं म्हटलं तर दुसरं आडवं येतं. बुंधा घेतला तर शेंडा जातो, शेंडा घ्यायला मागं सरकलं की मधे तिसरंच कायतरी. शेवटी मी झाडं सोडून जवळचं काढायला लागलो. एका बुंध्याच्या सालीत खिळा होता, जुना, गंजून लाल झालेला, आणि झाडानं त्याच्याभोवती साल चढवत चढवत त्याला जवळजवळ गिळला होता, नुसतं डोकं बाहेर. त्या डोक्यावरनं मुंग्यांची रांग चाललेली, सरळ जायला जागा असताना प्रत्येक मुंगी खिळ्यावर चढून परत उतरत होती. कशाला ते त्यांनाच ठाऊक. तो फोटो मी कुणालाच पाठवला नाही, कुणी विचारलं असतं काय हे, तर सांगणार काय.

शिवाजी उद्यानात मात्र माणसांचेच फोटो. कपिलेश्वरच्या पुलाकडनं आलं की संध्याकाळी गेटवर गिरमिटचा, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांचा वास, आत पोरांचा आरडाओरडा. घसरगुंडीच्या पायथ्याशी एक बाप मोबाईल आडवा धरून बसलेला, वर पोरगी, "बघ की इकडं, ए बघ की!" ती बघत नाही, ती मागच्या पोराशी नंबरावरनं भांडतेय. आई लांबनं ओरडते, "ओ, उभा धरा, पाय तुटतील तिचे!" तेवढ्यात पोरगी घसरून खाली आली पण. बापाच्या फोटोत नुसती घसरगुंडी. तो शांतपणे म्हणाला, "पुन्हा जाऊन ये जा." लग्नाआधी शूटिंग करणारी जोडपी पण येतात, त्यांच्या फोटोग्राफरला सगळा रिकामा बाग पाहिजे असतो आणि आमच्या शहापूरच्या आज्ज्या बाकड्यावरनं हलत नाहीत. मी आज्ज्यांच्या बाजूनं.

खरा हंगाम शिवजयंतीचा. आमच्याकडं शिवजयंती वैशाखात तिथीनं, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अख्खा दरबार, सजीव देखावा, गल्लीतलीच पोरं मावळे, गल्लीतलाच कुणीतरी अफझलखान, तो बिचारा पहाटेपर्यंत परत परत मरतो. गेल्या वेळी एक बारका मावळा होता, सात-आठ वर्षांचा, मिशी रंगवलेली, हातात पुठ्ठ्याची ढाल. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं असणार, पण नाकाला खाज सुटलेली. त्यानं ढाल हळूच वर वर नेली आणि ढालीच्या आड नाक खाजवलं. नेमका तेव्हाच फोटो निघाला.

ग्रुपवर टाकला. रात्री एक वाजता मावशीचा मेसेज, "कुणाचं रे ते पोरगं? कपाळ बघ, आमच्या शेजारच्यांचा नातू असणार. विचारून सांग."

दुसऱ्या दिवशी मंडळात गेलो विचारायला. पोरगं आताच भाड्यानं आलेल्यांचं, मूळचे निपाणीकडचे, शहापुरात कुणी ओळखीचं नाही. मावशीला सांगितलं. दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाली, "निपाणीत कुठं? आमच्या थोरल्या जावेचं माहेर निपाणीच की. आडनाव विचार." म्हणजे आता परत जाणं आलं.