जुन्या इंजिनात डिकोडर बसवताना

माझ्या मॉडेल रेल्वेचं एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1/87 मापाचं) जुनं डिझेल इंजिन साध्या डीसीवर, म्हणजे रुळांतल्या व्होल्टेजवरच वेग ठरतो त्या पद्धतीवर, उत्तम पळायचं. ते डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम पाठवण्याच्या पद्धतीवर, आणायचं ठरवलं. त्यासाठी इंजिनात डिकोडर, म्हणजे ते हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, बसवावा लागतो. पण तो खोचायला आत आठ पिनांचं सॉकेट नव्हतंच, त्यामुळे सगळ्या वायरी हातानेच सोल्डर करणं आलं. आधी 12 व्होल्ट देऊन चाकं क्षणभर धरून ठेवली आणि मोटर किती करंट ओढते ते मोजलं. एक अँपिअरच्या बरंच खाली होतं, म्हणजे एक अँपिअरचा डिकोडर पुरणार होता.

डिकोडरच्या वायरींचे रंग एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने ठरवून दिलेत, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. लाल-काळी रुळांची, केशरी-करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह. डोकेदुखी असते ती मोटरची. जुन्या इंजिनांत अनेकदा मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा तुकडा) थेट चेसिसला टेकलेला असतो आणि चेसिस एका रुळाला जोडलेली असते. डीसीवर ते चालून जातं. डिकोडर बसवल्यावर मात्र रुळाची वीज परस्पर त्याच्या मोटर आउटपुटवर येते आणि डिकोडर जळतो.

म्हणून डिकोडर पाकिटातून बाहेर काढण्याआधीच मल्टिमीटर बीपवर लावला, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. जुनी जोडणी काढली होती, मोटरखालच्या पितळी पट्टीखाली कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी) लावली होती, तरी मोटरचं एक टोक आणि उजवीकडची चाकं यांच्यात बीप वाजतच होती. पट्टी पुन्हा काढून पाहिली, टेप अखंड. मग मोटर धरून ठेवणाऱ्या स्क्रूकडे लक्ष गेलं. त्याचं डोकं पट्टीवर टेकलेलं आणि आटे चेसिसमध्ये! मध्ये टेप असून उपयोग काय, वीज स्क्रूतूनच खाली उतरत होती. त्याच मापाचा नायलॉनचा स्क्रू लावला आणि बीप थांबली. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच तपासणी, कारण इथे हयगय झाली तर पुढे दुरुस्तीला जागा उरत नाही.

सोल्डरिंग झाल्यावर इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग्ज वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर, ठेवलं. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे जोडणीत काही राहिलं असलं तरी डिकोडर सहसा वाचतो. पत्ता, म्हणजे डिकोडर ज्या क्रमांकाच्या हुकमांना ओळखतो तो, वाचायला गेलो तर उत्तरच नाही. अशा वेळी लोक लगेच सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग्ज) बदलायला लागतात, पण उत्तर येतं कसं ते आधी पाहावं. डिकोडर सुमारे 6 मिलिसेकंद किमान 60 मिलिअँपिअर जादा करंट ओढतो, तोच त्याचा होकार, आणि तो बहुधा मोटरमधूनच ओढला जातो. म्हणून वाचन चालू असताना इंजिन बारीक बारीक झटके देतं. माझं इंजिन ढिम्म होतं. बोटाने हलकेच वरून दाबलं तर झटके सुरू! म्हणजे मोटर ठीक, डिकोडर ठीक, चाकांकडून वीजच नीट येत नव्हती. चाकांना घासणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसल्या, किंचित वाकवून चाकांवर टेकवल्या. लगेच पत्ता 3 आला, कोऱ्या डिकोडरचा असतो तोच.

मुख्य रुळावर वेगात चाल सुरेख, पण अगदी हळू चालवताना इंजिन गचके खायचं. डिकोडर क्षणोक्षणी मोटरची वीज तोडून ती स्वतः किती व्होल्टेज निर्माण करते ते मोजतो आणि त्यावरून वेग सावरतो. ब्रशांजवळ डीसीच्या जमान्यातला छोटा कॅपॅसिटर तसाच होता, तो या मोजणीत लुडबुड करत होता. तो काढला आणि इंजिन स्लीपर मोजता येतील इतक्या संथ गतीने सरकायला लागलं. ते बघताना फार आनंद झाला.

बॉडी बसवल्यावर नवीनच प्रकार. सरळ रुळावर काही नाही, डावीकडच्या वळणावर मात्र शॉर्ट होऊन सगळ्या ट्रॅकची वीज जायची. बॉडी काढली की वळणही बिनतक्रार. बॉडी नसताना मागची बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा वळणारा सांगाडा, हाताने फिरवून बघितली. बोगीतून वर येणारी मूळचीच वायर, तिचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं होतं आणि आतली तांब्याची तार दिसत होती. बॉडीच्या आतली कड तिला खाली दाबायची, बोगी वळली की तार चेसिसला लागायची. दोन्ही बोग्यांच्या वायरी बदलल्या, नव्या मऊ वायरींना वळणापुरती ढील ठेवली, सांध्यांवर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली.

दिवे शेवटी केले. एलईडीचा पॉझिटिव्ह निळ्या वायरला, पांढऱ्या वायरमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर. मग इंजिनावर लिहिलेला चार अंकी क्रमांकच पत्ता म्हणून दिला. त्यासाठी सीव्ही 17 आणि 18 भरावे लागतात आणि सीव्ही 29 मध्ये 32 मिळवावे लागतात, म्हणजे 6 चे 38. आता फक्त सीव्ही 3 आणि 4 वाढवून सुटण्या-थांबण्याला जडपणा आणायचा बाकी आहे, तो डबे जोडून बघतच ठरवेन.