कुलगुरूंच्या स्लाइड्सच्या मागावर: फरकांडे, चांगदेव, पाटणादेवी

मूळचे खानदेशातले, पण नोकरीची सगळी वर्षं बाहेर गेलेले एक कुलगुरू. सुट्टीत गावाकडे आले की कॅमेरा घेऊन भटकायचे. ते गेल्यानंतर घरच्यांनी त्यांच्या रंगीत स्लाइड्स, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले फिल्मचे तुकडे, जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिल्या. परदेश दौऱ्यांचे डबे वेगळे, खानदेशचे वेगळे. मी खानदेशचेच मागितले. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी जमवलेली वास्तूंची हजारो छायाचित्रं त्या विद्यापीठाने जपली, नेटवर सगळ्यांसाठी खुली केली. पण त्यातली बरीचशी विकत घेतलेली होती. आपल्या कुलगुरूंनी स्वतः पायपीट करून फोटो काढले आणि प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गाव, वेळ लिहून ठेवली. त्या पेन्सिलीमुळेच फोटोंतल्या जागा शोधत हा प्रवास करता आला.

आधी संग्रह पाहायचा असेल तर काय करावं ते सांगतो. अचानक जाऊ नका. ग्रंथपालांना आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, ओळखपत्र न्या, कुठल्या गावाचे फोटो हवेत ते स्पष्ट लिहा. वहीत टिपणं पेन्सिलीनेच घ्या, स्लाइड कडेला धरा, मधल्या फिल्मला बोट लागू देऊ नका. प्रत्येक स्लाइडचा दाखल क्रमांक उतरवून घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठला फोटो कुठला हे कळत नाही. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या स्लाइड्सच्या पुठ्ठ्यावर बऱ्याचदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तो फिल्म धुतल्याचा महिना, फोटो काढल्याचा नव्हे. रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून असायचे, हे ध्यानात ठेवूनच तारीख लावा. प्रती हव्या असतील, गावात वाटायच्या असतील, तर तशी परवानगी तेव्हाच मागून घ्या.

पहिलं गाव फरकांडे. एरंडोलहून कासोद्याच्या वाटेने जावं लागतं. एसटी आहे, पण परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. इथले झुलते मनोरे खानदेशात सगळ्यांना ठाऊक: एक हलवला की दुसरा हलायचा. आज तिथे एकच उभा आहे. कुलगुरूंच्या स्लाइडमध्ये मात्र दोन्ही आहेत. सकाळचं कोवळं ऊन, डाव्या मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत पांढरी टोपी घातलेला एक पोरगा, खाली उभ्या बैलगाडीची लांब सावली. पुठ्ठ्यावर लिहिलंय, ‘फरकांडे, स. ८’. मी त्याची मोठी प्रत काढून नेली होती. पारावर बसलेल्या एका आजोबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उन्हाकडे तिरपा धरला आणि म्हणाले, "दोन्ही व्हतात ना भाऊ तवय!" मग आणखी माणसं जमली. वर कसं चढायचे, कोण हलवायचं, पडला तेव्हा कोण कुठे होतं. अर्ध्या तासात मला जे मिळालं ते कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही. म्हणून सांगतो, मोबाइलमध्ये फोटो दाखवू नका, कागदावरची प्रत न्या. ती हातोहात फिरते, आणि लोक बोलायला लागतात. बोलणं रेकॉर्ड करण्याआधी विचारा. उरलेल्या मनोऱ्यावर कृपा करून चढू नका.

चांगदेवला जायला जळगावहून भुसावळ, मुक्ताईनगर असा रस्ता. तापी आणि पूर्णेचा संगम, काठावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर. स्लाइडमध्ये संगमावर नजर पोहोचेल तिथवर वाळू आहे, तिच्यात टरबुजांच्या वाड्या आहेत. आज तिथे हतनूर धरणाचं पाणी तुंबलेलं. वाळूवरूनच स्लाइड धरणाआधीची, हे कळतं. हिवाळ्यात या पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बीण असेल तर जरूर न्या. महाशिवरात्रीला यात्रा भरते. गर्दीत फोटोची जागा शोधणं जमणार नाही, ते दिवस टाळा.

जुन्या फोटोची नेमकी जागा शोधायची एक युक्ती आहे. फोटोतल्या जवळच्या वस्तूचा कोपरा मागच्या डोंगराच्या किंवा कळसाच्या कुठल्या भागावर येतो ते बघा. तसं जुळेपर्यंत डावी-उजवीकडे, मागे-पुढे सरका. त्या काळच्या कॅमेऱ्यांना बहुधा ५० मिमीची लेन्स असायची. त्यामुळे मोबाइलवर साधारण दुप्पट झूम केला की चौकट जुळते.

पाटणादेवीसाठी मुक्काम चाळीसगावला करा. तिथून देवीचं ठिकाण १८ किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. अंधार पडायच्या आत बाहेर निघायचं, सोबत पाणी आणि शिदोरी ठेवायची. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, हे सांगणारा शके ११२८ चा शिलालेख पाटण्याचाच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. संगमावरचे चांगदेव ते योगी, हे वेगळे. कुलगुरूंनी त्या शिलालेखाचे एकामागून एक असे फोटो काढलेत, ओळीओळीने, तिरप्या उन्हात, अक्षरं उठून दिसावीत म्हणून. शिक्षणसंस्था चालवणारा माणूस आठशे वर्षांपूर्वीच्या मठाच्या दानपत्रासमोर एवढा वेळ उभा राहतो, हे पाहून मला भरून आलं.

चाळीसगावात असाल तर स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर-संग्रहालय चुकवू नका. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी त्याच घरात काढला आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून अख्खे देखावे उभे करून त्यांचे फोटो काढले. वेळ आधी विचारून जा.

हा सगळा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा. मार्च उजाडला की दुपारी दगडावर हात ठेववत नाही. जेवणाची काळजी नको. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी कुठल्याही बऱ्या खानावळीत मिळते.

संग्रहातल्या बलसाण्याच्या स्लाइड्स अजून बाकी आहेत. साक्री तालुक्यातलं हे जुन्या मंदिरांचं गाव, धुळ्याहून जाणं सोयीचं. तिथल्या दोन स्लाइड्सवरची पेन्सिल पुसट झालीय, कुठल्या देवळाच्या आहेत ते लागत नाही. कुणी आमच्या आधी तिकडे जाणार असेल तर ग्रंथालयातून त्या दोन्हींच्या प्रती घेऊन जा, आणि गावात जे कळेल ते दाखल क्रमांकासह ग्रंथपालांकडे लिहून द्या.