झुर्रीअ: आधी गच्ची, मग चर्च

माल्टाच्या दक्षिणेला झुर्रीअ हे जुनं गाव आहे. बहुतेक पर्यटक ते बसच्या खिडकीतूनच बघतात, कारण सगळ्यांना पुढे ब्लू ग्रोटो या समुद्रातल्या गुहा गाठायच्या असतात. गुहा छान आहेत. वारा दक्षिणेचा असला की होड्या बंद, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मी मात्र म्हणेन, अर्धा दिवस गावातच काढा. त्यातही एखाद्या जुन्या घराच्या गच्चीवर जायला मिळालं तर चर्च नंतर बघा.

या बेटांवर बारमाही नदी नाही. वर्षाचा पाऊस सरासरी 550 मिमी, तोही मुख्यतः हिवाळ्यात. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर पडणारं पाणी म्हणजे हिशेबाने 55,000 लिटर. त्यातलं काही वाटेत मुरतं, काही उडून जातं. उरलेलं अंगणाखाली खडकात कोरलेल्या टाकीत उतरतं. टाकीचं तोंड अरुंद, पोट मोठं. पहिल्या पावसाचं पाणी आत घ्यायचं नाही, कारण उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची घाण त्यातच येते.

गच्चीची बांधणी बघण्यासारखी आहे. बेटावर झाडं कमी, त्यामुळे लाकडी तुळया परवडत नसत. मग खोलीत ओळीने दगडी कमानी उभारायच्या आणि एका कमानीवरून दुसरीवर दगडाच्या लांब फरश्या टाकायच्या. या फरश्यांना तिथे शोरोक म्हणतात. फरशी दोन मीटरच्या फार पुढे गेली की मधोमध मोडते, म्हणून कमानी इतक्या जवळजवळ. फोटोत त्या शोभेच्या वाटतात. खरं तर छत त्यांच्यावरच उभं आहे. फरश्यांवर दगडाची कपची, तिच्यावर ओली करून ठोकलेली बारीक भर, आणि सगळ्याला पन्हाळीकडे उतार. अगदी वर देफ्फून, म्हणजे फुटक्या मडक्यांचा कुटलेला चुरा आणि चुना. वाड्यांच्या बांधकामातली आपली सुरखीच ही! ओलं असतानाच ते चोपण्याने चोपून घट्ट करतात. कडक उन्हात भरभर वाळलं तर बारीक भेगा पडतात, आणि पाणी टाकीऐवजी खालच्या खोलीत उतरतं.

पुढे ब्रिटिश काळात लोखंडी तुळया आल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि वरची फरशी फोडतं. छताला तुळईच्या रेषेत तडा दिसला तर कारण बहुधा हेच.

भिंतींचा दगड ग्लोबिजेरिना चुनखडीचा, मधाच्या रंगाचा. जांभ्यासारखाच खाणीतून निघताना मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि हवेवर त्याची वरची साल टणक होते. जुन्या भिंती दुहेरी: बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारे आडवे दगड.

माझा राग आहे तो इथे. जुनी घरं भाड्याने देणाऱ्यांना ‘उघडा दगड’ हवा असतो. त्यासाठी आतला चुन्याचा हात खरवडून काढतात, वर वाळूचा मारा करतात. त्यात ती टणक सालच निघून जाते. मग रात्रभर भिंत झडते आणि सकाळी उशीवर पिवळी पूड! झड थांबवायला सिमेंटने सांधे भरले की आणखी बिघडतं. ओल जमिनीतून चढते, सिमेंटमधून तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती दगडातून वाट काढते. पाणी सुकतं, क्षार आत फुलतात आणि दगडाला जाळी पडते; सिमेंटची रेघ मात्र शाबूत. चुन्याने भरलेला सांधा आधी स्वतः झिजतो, आणि तो पुन्हा भरता येतो. खोली घेताना पलंगामागची भिंत हाताने चोळून बघा. तळवा पिवळा झाला तर दुसरी खोली मागा.

बाकी गाव पायी होतं. 1724 ची शारोल्ला पवनचक्की आहे. सेंट कॅथरीनच्या चर्चमध्ये मत्तिया प्रेतीची चित्रं आहेत. 1675-76 च्या प्लेगमध्ये हा चित्रकार गावात येऊन राहिला होता. गावाबाहेर हाल मिलिएरीची 15व्या शतकातली छोटी प्रार्थनाघरं आहेत. त्यांपैकी भित्तिचित्रांचं जे आहे ते एरवी बंद असतं, तेव्हा उघडण्याचा दिवस आधी विचारून घ्या.

जुलैअखेर कार्मेलच्या मातेचा उत्सव, सप्टेंबरच्या सुरुवातीला सेंट कॅथरीनचा. दोन्ही बाजूंचे बँड आणि फटाके एकमेकांना हार जात नाहीत. कौतुक आहेच, पण सकाळी आठला आकाशात स्फोट झेलायची माझी तयारी नाही.