आमची वाटचाल : शाफ्टच्या दुकानापासून ‘ड्रॉप किट’च्या प्रश्नापर्यंत

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या वडिलांनी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एक जुना लेथ आणि एक वेल्डिंग मशीन घेऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणारी फिरती नळी) दुरुस्तीचे दुकान सुरू केले. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे ट्रक आणि गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या गाड्या हे त्या काळचे आमचे गिऱ्हाईक होते. झिजलेला क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला फुलीच्या आकाराचा तुकडा) बदलणे, पिळलेली नळी कापून नवी चढवणे, सेंटर बेअरिंग बसवणे आणि शाफ्ट पुन्हा समतोल करून देणे, एवढ्या कामावर घर आणि दोन कारागीर चालत असत. पुढे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी वाढल्या, तसे सीव्ही जॉइंटचे, म्हणजे शाफ्ट तिरपा असतानाही चाक एकसारखे फिरवणाऱ्या सांध्याचे, काम दुकानात आले. मोठे बंधू आणि मी धंद्यात उतरलो ते याच टप्प्यावर, आणि बॅलन्सिंग मशीनही त्याच सुमारास कर्ज काढून घेतले.

पिकअपचे काम त्या मानाने अलीकडचे आहे. इसुझुची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात विक्रीस आली. सांगोल्याचे डाळिंब बागायतदार, खडी क्रशरचे मालक, साखर कारखान्यांचे कंत्राटदार आणि केवळ हौसेखातर मोठी गाडी घेणारे तरुण अशी मंडळी या गाड्या घेऊ लागली. त्यांतल्या बऱ्याच गाड्या पुण्याहून किंवा आणखी कुठून उंची वाढवून आमच्याकडे येतात, आणि मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गाडी दोन इंच उचलली आहे, आता डिफरन्शियल ड्रॉप किट टाकावे लागेल का?” या एका प्रश्नाने आमच्या दुकानाच्या कामाची दिशा बदलली, म्हणून वाटचाल सांगताना त्याचे उत्तर तपशिलाने देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम हा प्रश्न कोणाला लागू होतो ते पाहू. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीत पुढचे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा, चासीला बांधलेले असते आणि तिथून दोन आडवे शाफ्ट चाकांकडे जातात. प्रत्येक शाफ्टच्या आतल्या टोकाला एक आणि चाकाकडच्या टोकाला एक असे दोन सीव्ही जॉइंट असतात. स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) टाकून गाडी उचलली की चासीबरोबर डिफरन्शियल वर जाते, चाके मात्र जमिनीवरच राहतात, त्यामुळे शाफ्ट अधिक तिरपे होतात. ड्रॉप किट म्हणजे डिफरन्शियलच्या बैठकीत (ते चासीला जिथे बोल्टने बांधलेले असते तिथे) घालायचे गुटके आणि लांब बोल्ट, ज्यांच्या योगे ते साधारण २५ मिलिमीटर खाली उतरवून शाफ्टचा तिरपेपणा कमी करण्याचा प्रयत्न होतो. म्हणजेच गाडीच्या पुढच्या चाकांना ताकद जात नसेल, तर हे किट बसवायला जागाच नसते. व्ही-क्रॉस टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि तिचे मालकही किट मागायला येतात, कारण डिफरन्शियल म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मागचे डिफरन्शियल येते. ते मागच्या अखंड एक्सलचाच (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आडव्या दांड्याचाच) भाग असते, चासी कितीही उचलली तरी ते चाकांच्याच पातळीवर राहते, त्यामुळे ते खाली उतरवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जिम्नी किंवा सध्याची गुरखा यांसारख्या, पुढेही अखंड एक्सल असलेल्या गाड्यांना हाच नियम लागू पडतो. तिथे उंची वाढवल्यावर वेगळे प्रश्न निर्माण होतात, हे नाही.

आता कोनाचा हिशेब. शाफ्टच्या दोन जॉइंटमधले अंतर ४०० मिलिमीटर आहे आणि कारखान्यातून आलेल्या गाडीत तो शाफ्ट ६ अंश तिरपा आहे, असे उदाहरणापुरते धरू. गाडी ५० मिलिमीटर उचलली तर हा कोन सुमारे १३ अंश होतो आणि ७५ मिलिमीटर उचलली तर १७ अंशांच्या आसपास जातो. डिफरन्शियल खरोखरच सरळ २५ मिलिमीटर खाली आले, तर साडेतीन-चार अंश परत मिळतील. परंतु बाजारातली अनेक किटे फक्त पुढच्या दोन बैठका खाली घेतात आणि मागची बैठक तशीच ठेवतात, त्यामुळे डिफरन्शियल सरळ न उतरता पुढे झुकते. शाफ्ट ज्या ठिकाणी बाहेर पडतो ती जागा दोन्ही बैठकांच्या मधोमध असेल, तर ती जेमतेम १२ मिलिमीटर खाली येते आणि मिळकत दोन अंशांहूनही कमी भरते. त्याच वेळी पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन मात्र बदलतो, खालची संरक्षक पत्री गुटके घालून खाली घ्यावी लागते, आणि उंची वाढवून कमावलेली जागा डिफरन्शियलखाली काही प्रमाणात परत जाते. दोन अंशांसाठी एवढे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवायचे असते, पण ठरवण्यापूर्वी आकडा समोर असला पाहिजे.

जॉइंट किती कोन सहन करतो, हेही दोन्ही टोकांना सारखे नसते. चाकाकडचा गोळ्यांचा जॉइंट स्टिअरिंग वळवण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे तो ४५ अंशांच्या आसपास वळू शकतो. डिफरन्शियलकडचा ट्रायपॉड (तीन रोलरांचा) जॉइंट मात्र सर्वसाधारण रचनेत २३ ते २६ अंशांपर्यंतच काम करतो, कारण त्याला आतबाहेर सरकण्याचेही काम असते. म्हणून गाडी उभी असतानाच्या कोनापेक्षा चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हाचा कोन अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि इथे उंची कशी वाढवली आहे यावर बरेच अवलंबून असते. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडणीच्या) डोक्यावर २५ मिलिमीटरचा स्पेसर ठेवला तर स्ट्रट खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) मध्यावर जोडलेला असल्यामुळे चाकाजवळ उंची जवळपास दुप्पट वाढते, आणि चाक लोंबण्याची हद्दही तेवढीच खाली सरकते. टाटा झेनॉनसारख्या टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई) असलेल्या गाडीत बोल्ट आवळून उंची वाढवली तर उभ्या गाडीचा कोन वाढतो, पण लोंबण्याची हद्द कारखान्याने ठरवलेलीच राहते. तिथे झीज हळूहळू होते. स्पेसरवाल्या गाडीत एखाद्या खड्ड्यात, स्टिअरिंग वळवलेले आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, एकदमच काहीतरी तुटण्याची शक्यता असते.

यावर हमखास येणारा प्रतिवाद म्हणजे, “आम्ही फोर बाय फोर वर्षातून दोनदा लावतो, एरवी ते शाफ्ट फिरतच नाहीत.” हा समज या धंद्यातल्या लोकांमध्येही आहे. चाकाच्या हबवर स्वतंत्र कुलूप असलेल्या जुन्या जीपांच्या बाबतीत तो खरा होता. आजच्या पिकअपमध्ये चाक आणि शाफ्ट कायम जोडलेले असतात, त्यामुळे टू-व्हीलमध्येही चाकाबरोबर सीव्ही जॉइंट फिरतात. ताकद जात नसल्यामुळे ते कमी तापतात एवढेच. जॉइंट झाकणारा रबरी बूट मात्र सोलापूर ते पुणे असा प्रत्येक फेरा त्याच तिरप्या अवस्थेत दुमडत राहतो.

खरे तर आमच्या भागात जॉइंटपेक्षा आधी हा बूटच जातो. जास्त कोनात त्याच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासतात, तिथे चीर पडते, मोलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते आणि त्याच चिरेतून माती आत शिरते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढल्यानंतर उभी राहणारी धसकटे आणि बांधावरची वेडी बाभूळ यांमुळे न उचललेल्या गाडीचेही बूट फाटतात. पावसाळ्यात चिकटणारी काळी माती आणि उन्हाळ्यातला चाळीस अंशांवरचा ताप हे त्यावर आणखी. त्यामुळे बूट फाटला म्हणजे कोन जास्त आहे, असा निष्कर्ष आम्ही लगेच काढत नाही. चीर घडीच्या वळणावर आहे की सपाट भागावर, हे आधी पाहतो. घडीवरची चीर कोनामुळे पडते, आणि सपाट भागावरची बहुधा काट्याने किंवा धसकटाने.

या सगळ्या अनुभवातून दुकानाने एक रीत ठरवली. किट विकण्याआधी मोजमाप करायचे आणि मोजमापाचे पैसे वेगळे घ्यायचे. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी असताना दोन्ही शाफ्टचा कोन चुंबकी डिजिटल मापकाने घेतला जातो. नंतर गाडी लिफ्टवर घेऊन चाके लोंबलेल्या स्थितीत तोच कोन पुन्हा घेतला जातो, बुटाच्या घड्या एकमेकींना टेकतात का ते पाहिले जाते, आणि शाफ्ट हाताने फिरवून आतला जॉइंट कुठे अडतो का ते तपासले जाते. या रीतीबद्दल आमच्या घरातच एकमत नव्हते. बंधूंचे म्हणणे असे की गिऱ्हाईक स्वतःहून किट मागत असताना त्याला परत पाठवणे हा धंदा नव्हे, आणि मोजमापाला पैसे पडतात हे ऐकून काही गाड्या दारातूनच वळल्याही. माझे म्हणणे असे की किटवरचा नफा एकदाच मिळतो, पण ज्या मालकाला ‘तुमच्या गाडीला याची गरज नाही’ असे कागदावर लिहून दिले, तो त्याचा ट्रक, ट्रॅक्टर आणि मेहुण्याची गाडीही आमच्याकडेच आणतो. आज बंधूच हे मोजमाप सर्वांत काटेकोरपणे करतात.

आमच्या नोंदवहीत जे दिसते ते असे की साधारण ५० मिलिमीटरपर्यंत उचललेल्या, बाकी सर्व ठीक असलेल्या पिकअपला किटची गरज क्वचितच निघते. ६५ ते ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यात प्रत्येक गाडीचे उत्तर वेगळे येते, आणि इथे मागची बैठकही खाली घेणारे किट असेल तरच आम्ही ते सुचवतो. त्याहून जास्त उंचीला गुटक्यांचा उपयोग नाही. तिथे आर्मच्या बैठकांसह सगळी चौकट खाली घेणारे क्रॉसमेंबर लागतात आणि ते काम आमच्या दुकानाच्या आवाक्यातले नाही.

“तुमच्याकडे लेथ आहे, चार गुटके काढून द्या,” अशीही मागणी होते. गुटके काढणे अवघड नाही. पण गुटका घातला की बोल्टची लांबी वाढते, बैठकीवर पडणारा वाकवणारा जोर वाढतो, आणि हाताशी सापडलेला कोणताही बोल्ट तिथे चालत नाही. डिफरन्शियलची श्वासनळी (हवा जाण्या-येण्याची नळी) आणि फोर बाय फोर जोडणाऱ्या ॲक्च्युएटरची वायर यांनाही ढील द्यावी लागते. म्हणून हे गुटके आम्ही बनवत नाही.

उचललेल्या गाडीतली थरथर बहुतेक वेळा पुढून येतच नाही, हे आमच्या मूळ धंद्यामुळे आम्हाला लवकर उमगले. मागे पाट्यांच्या स्प्रिंगखाली ब्लॉक (ठोकळे) घातले की दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा मधला कोन बिघडतो आणि गाडी जागेवरून निघताना धडधडते. मालक पुढच्या शाफ्टला दोष देत किट मागतो, आणि उपाय मात्र सेंटर बेअरिंग थोडे खाली घेण्यात किंवा एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये निमुळती पट्टी घालण्यात असतो. व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा या गोष्टी उंची बदलल्यानंतर कराव्याच लागतात, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कायद्याची बाजूही आम्ही प्रत्येक मालकासमोर ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणीतील तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून उंची वाढवण्याचे काम आम्ही घेत नाही. उचलून आलेली गाडी मोजतो, तिचे शाफ्ट दुरुस्त करतो, आणि मोजमापाच्या कागदावर पहिला पर्याय नेहमी ‘स्पेसर कमी करणे’ असाच लिहितो. बंधूंना हे लिहिणे सुरुवातीला उद्धटपणाचे वाटत असे. तरीही बरेच मालक तोच पर्याय निवडतात, कारण २५ मिलिमीटरचा स्पेसर काढून १० मिलिमीटरचा बसवला तर शाफ्टचा कोन किटपेक्षा जास्त सुधारतो आणि डिफरन्शियलला हात लावावा लागत नाही. ज्यांना किटच हवे असते, त्यांच्या बिलावर बदलाचा उल्लेख उघडपणे केला जातो आणि हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घेण्याची तारीख त्याच बिलावर घातली जाते. त्या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.