चाबूक नेमका कुणावर उगारलाय?

व्यंगचित्रावर चिडायला हरकत नाही, पण आधी ते नीट वाचावं. वाचताना चित्राखालची ओळ बोटाने झाकावी आणि फक्त रेषा बघाव्यात: कुणाची नजर कुठे आहे, कोण कुणापेक्षा मोठा काढलाय, हातात काय आहे. मग चित्रातल्या वस्तूंवर लिहिलेली नावं, मग तारीख, आणि ओळ सगळ्यात शेवटी. ओळ आधी वाचली की डोळे तिच्याच मागे जातात आणि चित्र बघायचं राहून जातं.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं डिसेंबर १९७५ मधलं चित्र घ्या. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये पहुडलेत आणि सही केलेला कागद दाराबाहेरच्या माणसाकडे देताहेत. खालच्या ओळीचा भावार्थ असा की, आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. ओळ झाकली तरी चित्र बोलतं. टबच्या जागी टेबल काढलं असतं तर ती एक साधी सही झाली असती. टबमुळे कळतं की सही करणाऱ्याला अंग पुसायचीही सवड दिलेली नाही. ओळ म्हणते ‘थांबा’, पण हाताने सही कधीच करून टाकलीय. चेहऱ्याची फारशी मोडतोड नाही, शिवी नाही. आणीबाणीत, सेन्सॉर डोक्यावर असताना हे छापून आलं, आणि माझ्या मते आपल्याकडे त्या काळावर याहून नेमकं काही काढलं गेलं नाही.

व्यंगचित्रकार शंकर यांचं ऑगस्ट १९४९ मधलं गोगलगायीचं चित्र मात्र इतकं सरळ नाही. गोगलगाय म्हणजे राज्यघटना. तिच्यावर चाबूक घेऊन डॉ. आंबेडकर बसलेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे, आणि भोवती बघ्यांची गर्दी. इथे तारीख कामाला येते. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीचं काम सुरू होऊन अडीच वर्षं उलटली होती आणि उशिराची कुरकुर उघड चालू होती. ती इतकी होती की २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः हिशेब मांडला: कॅनडाला २ वर्षं ५ महिने लागले, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं. आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. गोगलगाय वेग दाखवते, पण तो वेग का, हे दाखवत नाही. एका चौकटीत एवढंच मावतं.

हेच चित्र २००६ पासून एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होतं. मे २०१२ मध्ये, त्यात बाबासाहेबांचा अपमान आहे या आक्षेपावरून, संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोडही झाली. तोडफोडीचं समर्थन होऊ शकत नाही. पण ‘यांना विनोदच कळत नाही’ हा शेराही आळशी आहे. मागून उगारलेला चाबूक आणि गोगलगाय यांच्या मधोमध बाबासाहेब बसलेत. शंकरांचा रोख गोगलगायीवर असावा असं मला वाटतं, कारण चाबूक बाबासाहेबांच्याही हातात आहे. तरी मांडणी दुसऱ्या अर्थाला वाट मोकळी ठेवते. ज्यांच्या आजा-पणजांनी खरोखर मार खाल्ला, त्यांना तो चाबूक बैलगाडीवाल्याचा साधा चाबूक वाटत नाही. वर ती गर्दी. हसणारी माणसं कोण, हा प्रश्न १९४९ मध्ये फारसा कुणी विचारला नसेल, २०१२ मध्ये तो टाळता येत नव्हता. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने पुस्तकातली व्यंगचित्रं तपासली. तिथेही एकमत झालं नाही, समितीतल्या एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं.

चित्र पुढे पुढे पाठवणाऱ्यांमुळे होणारी खराबी वेगळीच. पहिल्यांदा कडा कापल्या जातात, आणि चित्रकाराची सही व तारीख बहुधा तिथेच असते. मग फाइल इतकी लहान होते की गोगलगायीवरची अक्षरं पुसट होतात. अक्षरं गेली की गोगलगाय राज्यघटना राहत नाही, उरतात दोन माणसं आणि एक चाबूक. या चित्राचं आणखी एक जातं. पाठ्यपुस्तकात त्याखाली विद्यार्थ्यांना विचारलं होतं की घटना समितीला इतका वेळ का लागला असेल. नुसतं चित्र कापून पुढे पाठवलं की तो प्रश्न मागेच राहतो.