हिमालयन ४११ चे फोर्क: स्प्रिंगा बदलल्या, इम्युलेटर बसले, ट्यूनिंग चालू

पुढच्या फोर्कचं काम एकदाचं मार्गी लागलंय, म्हणून आत्तापर्यंत काय काय केलं ते सगळं लिहून ठेवतोय. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, पुढे ४१ एमएमचे साधे टेलिस्कोपिक फोर्क (पुढचे शॉकअप), ट्रॅव्हल म्हणजे दबण्याची एकूण हालचाल २०० एमएम, चाक २१ इंची, आणि बाहेरून फिरवायला काहीच नाही, ना प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) ना डॅम्पिंग (हालचालीला विरोध). मी जॅकेट, बूट, हेल्मेट धरून ९२ किलो आणि मागे सामान. वरंध घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं आणि वळणात शिरायच्या आधीच बराचसा ट्रॅव्हल संपलेला, आणि तीच गाडी तुटलेल्या डांबराच्या काठावर गेली की हँडलला असा दणका की मनगटं भरून यायची. म्हणजे हळू दाबला तर मऊ, जोरात आपटला तर दगड.

यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे जाड शॉकअप ऑइल. कुठल्याही गॅरेजला विचारा, "साहेब वीस नंबरचं टाकतो, टाइट होईल" हेच उत्तर. माझं मत स्पष्ट आहे, नुसतं ऑइल जाड करू नका. आत डॅम्पर रॉड आहे, म्हणजे एक भोकं पाडलेली नळी, आणि ऑइल त्या भोकांतून जातं. अशा भोकाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणून ब्रेकसारख्या संथ दाबाला तो पुरत नाही आणि खड्ड्याच्या काठावर ऑइल भोकातून वेळेत निघतच नाही, फोर्क जागच्या जागी अडकतो. ऑइल जाड केलंत तर डाइव्ह (ब्रेकला नाक खाली जाणं) थोडा कमी होईल पण काठाचा दणका अजून वाढेल, आणि सलग खड्ड्यांत फोर्क परत वर यायच्या आत पुढचा खड्डा येईल. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं आहे, ऑइलचं नाही.

म्हणून सुरुवात सॅगपासून, म्हणजे स्वार बसल्यावर फोर्क किती दबतो ते मोजण्यापासून. गाडी डबल स्टँडवर, मागे वजन टाकून पुढचं चाक हवेत, डस्ट सीलपासून (धूळ अडवणारं रबर) वरच्या टीपर्यंत (फोर्कचे दांडे पकडणारा क्लॅम्प) माप घेतलं. मग गाडी खाली, मी पूर्ण गियरमध्ये सीटवर, एक मित्र मागून गाडी धरून आणि दुसरा टेप घेऊन पुढे. पुढून दाबून हळू वर येऊ दिलं, माप. उचलून हळू खाली बसू दिलं, माप. दोन्हींची सरासरी धरायची, आणि दोन्हींतला फरक म्हणजे फोर्कमधलं घर्षण, तो खूप असेल तर आधी सील, बुश आणि दांडा सरळ आहे का ते बघा. माझा सॅग आला ७३ एमएम, म्हणजे ट्रॅव्हलच्या ३६ टक्क्यांच्या वर. साधारण ३० टक्के हवा, म्हणजे ६० च्या आसपास. आता इथे बरेच जण पाइपचा तुकडा टाकून प्रीलोड वाढवतात. त्याने गाडी वर उभी राहते हे खरं, पण स्प्रिंग आहे तेवढीच मऊ राहते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात फारसा फायदा नाही.

स्प्रिंग मोजायला भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे गेलो. ड्रिल मशीनच्या खाली डिजिटल वजनकाटा, त्यावर स्प्रिंग उभी, आत सळई म्हणजे वाकणार नाही, आणि हँडल फिरवून दहा-दहा एमएम दाबत काट्यावरचा आकडा लिहीत गेलो. काका स्वतःच आकडे मोठ्याने वाचून दाखवत होते, एकदम रस घेऊन. माझ्या बऱ्याच चाललेल्या जुन्या स्प्रिंगा दर दहा एमएमला साडेपाच किलोच्या आसपास, नव्या आफ्टरमार्केट लिनियर (शेवटपर्यंत सारख्याच कडक) स्प्रिंगा सव्वासहा. फरक बघायला छोटा वाटतो पण चालवताना लगेच कळतो.

फोर्क खोलले तेव्हा ऑइल काळपट राखाडी आणि वास सुकटीसारखा. सील आणि डस्ट सील नाना पेठेतून आणले, खोललंच आहे तर बदलून टाका. टीचे बोल्ट सैल करायच्या आधी वरची कॅप थोडी ढिली करून घ्या, नंतर दांडा हातात फिरत राहतो. आणि कॅप शेवटच्या आट्यावर आली की तळव्याने दाबून धरा, खाली स्प्रिंग दाबलेली असते.

इम्युलेटर, म्हणजे फोर्कच्या आत बसणारा छोटा व्हॉल्व्ह, बसवायचा तर डॅम्पर रॉडच्या खालच्या बाजूची भोकं मोठी करावी लागतात, ८ एमएमची एकूण सहा करून घेतली, कडा घासून बर (भोकाच्या कडेचे धातूचे बारीक कण) साफ केली, कारण एक कण जरी राहिला तरी तो आत फिरत बसतो. म्हणजे दाबताना रॉडचा अडथळा जवळजवळ संपला आणि ते काम रॉडच्या डोक्यावर बसलेल्या या व्हॉल्व्हकडे गेलं. संथ दाबाला तो बंदच राहतो, बारीक छिद्रातून थोडं ऑइल जाऊ देतो, दणका बसला की स्प्रिंग दाबून उघडतो आणि ऑइलला वाट देतो. परत येताना मात्र रिबाउंड अजूनही रॉडच्या वरच्या भोकावर आणि ऑइलवरच ठरतो, त्यामुळे ऑइल निवडायचं ते रिबाउंड बघून. मी १५ नंबर घेतलं, पण डब्यावरच्या नंबरवर जाऊ नका, एका कंपनीचं १० दुसऱ्याच्या १५ पेक्षा जाड निघू शकतं, ४० डिग्रीचा सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) आकडा बघा. आणि इम्युलेटरच्या उंचीएवढा स्प्रिंगवरचा स्पेसर (पाइपचा तुकडा) कापायला विसरू नका, नाहीतर तेवढा प्रीलोड उगाच वाढतो.

ऑइलच्या लेव्हलसाठी स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि मेडिकलमधली मोठी सिरिंज. तिच्या नळीला १४० एमएमवर चिमटा लावला, नळी चिमट्यापर्यंत आत सोडली आणि हवा ओढली जाईपर्यंत जादाचं ऑइल खेचलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतात. वरची हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी कडक होते, म्हणून फोर्क बॉटम होत (तळाला आपटत) असेल तर लेव्हल ५-५ एमएमने वर आणायची.

आता सॅग ६१. दांड्यावर झिपटाय बांधलाय, वरंधमध्ये कडक ब्रेकिंगला पूर्वीपेक्षा बराच वर थांबतो आणि ताम्हिणीतल्या सगळ्यात वाईट खड्ड्याला तळापासून साधारण १५ एमएम शिल्लक. इम्युलेटरची स्प्रिंग दोन आट्यांवर (तेवढी आवळून) होती तेव्हा डाइव्ह मस्त पण बारीक काठ हातात येत होते, दीड आट्यावर आणल्यावर मनगटाला आराम आहे आणि डाइव्ह फारसा वाढला नाही. यासाठी चाक काढावं लागत नाही, कॅप आणि स्प्रिंग काढून चुंबकाने इम्युलेटर वर ओढता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतोय आणि दर वेळी तोच रस्ता, तोच टायर प्रेशर, त्याशिवाय काही कळत नाही.

पुढचं नाक आता वर राहतं म्हणून हँडल किंचित जड वळतंय. टीमधून दांडे ५ एमएम वर सरकवून बघणार आहे, त्याआधी स्प्रिंगा काढून फोर्क पूर्ण दाबून चाक कुठे लागत नाही ना ते तपासायचं. मग मागचा शॉक, त्याला फक्त प्रीलोड आहे आणि सामान लादल्यावरचा सॅग अजून मोजायचाय.